टर्की कापायची विजेची सुरी

न्यू जर्सीतल्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरातल्या सणाला, मी टर्की (कोंबडीसारखा पण बराच मोठा पक्षी) साध्या सुरीने कापली. कापली कसली, कातडी एकीकडे आणि मांसाचा भुगा दुसरीकडे! आता विजेची सुरी वापरते.

तिची दोन दातेरी पाती एकमेकांना लागून उलटसुलट सरकतात. ती बसवताना आणि काढताना प्लग भिंतीतून काढलेलाच हवा.

टर्की ओव्हनमधून काढली की लगेच कापायला धावू नका. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर १६५ फॅरनहाइट दाखवू दे. मग अर्धा तास तशीच ठेवा, नाहीतर सगळा रस फळीवर. (तेवढ्यात माझा वरणभाताचा कुकर होतो. सासूबाई टर्कीला हात लावत नाहीत.)

तंगड्या साध्या सुरीनेच सांध्यातून सोडवा. विजेची सुरी हाडावर आपटली की हात नुसता थरथरतो. मग छातीच्या मधल्या हाडाला लागून खाली कापत जा, अख्खा तुकडा सुटून येतो. तो फळीवर ठेवून मांसाच्या धाग्यांना आडवे, अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप काढा. सुरी आधी चालू करायची, मग अलगद टेकवायची. करवतीसारखं मागेपुढे करू नका, ते काम मोटरचं. दुसऱ्या हातात लांब काटा घ्या, बोटं लांबच बरी. कुरकुरीत कातडी प्रत्येक कापावर तशीच राहते. एवढ्यासाठी तर ही सुरी घेतली.

पाती धुवा, मोटरची मूठ फक्त ओल्या फडक्याने पुसा. सांगाडा टाकू नका, दुसऱ्या दिवशी त्याचा तांबडा रस्सा होतो.