गडावरच्या गुहेत मुक्काम करताय? या चुका टाळा

गुहेत राहायचं म्हटलं की सगळे थंडीचंच टेन्शन घेतात, पण रात्रीची वाट लागते ती बहुतेक वेळा उशिरा पोचल्यामुळे. डिसेंबरात सहा-साडेसहालाच अंधारून येतं, मग टॉर्च तोंडात धरून पाण्याचं टाकं शोधा, आणि गुहेत आधीच दुसरा ग्रुप पसरलेला असेल तर कुठे जायचं तेही तेव्हाच कळणार. शनिवारी हरिश्चंद्रगडावर गुहा आपल्यासाठी रिकामी असेल हे तर डोक्यातून काढूनच टाका. उजेड असतानाच पोचा, आणि निघायच्या आधी खालच्या गावात दोन गोष्टी विचारा, टाक्यात पाणी आहे का आणि वर राहू देतात का. काही गडांवर मुक्कामाला बंदी आहे, आणि रतनगड, हरिश्चंद्रगड तर अभयारण्यात येतात.

पोचल्यावर लगेच सॅक टाकून आडवं होऊ नका. आधी कडा कुठे आहे ते बघून घ्या. गोरखगडाची गुहा भारी आहे, समोर चाफा, पलीकडे मच्छिंद्रगड, पण चार पावलांवर थेट दरी आहे आणि रात्री दोनला झोपेत लघवीला उठलेल्या माणसाला चाफा दिसत नाही. तोंडाजवळ झोपू नका, हेडटॉर्च उशाशी ठेवा आणि उठलात तर सोबत एकाला उठवा, शिव्या घालेल, घालू दे.

दुसरी मोठी चूक म्हणजे गुहेच्या आत चूल. धूर वर कातळाला लागतो आणि तिथेच घोटाळत राहतो, मग डोळे चोळत सगळे बाहेर थंडीत. निखारे आत ठेवून झोपणं तर जिवावरचं, त्यातला विषारी वायू वासावरून कळतही नाही. चूल बाहेर, मोकळ्यावर, आणि तीही वर कड्याला आग्या मोहोळ नाही ना हे बघून, कारण धुराने माश्या उठतात. सरपणासाठी ओली फांदी तोडू नका, छोटा गॅस न्या की.

उंदीर! माझी नवी सॅक एकदा साइडच्या खिशात राहिलेल्या मूठभर भडंगापायी गेली. रात्रभर कुरकुर ऐकू येत होती, मला वाटलं कोणीतरी चिवडा खातंय. सकाळी खिशाला रुपयाएवढं भोक आणि भडंग गायब. आता खाण्याचं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा पिशवीत घालून दोरीने टांगलेला.

टाक्यात भांडी बुडवू नका, पाय तर नाहीच, तेच पाणी उद्या कोणीतरी पिणार. पाणी काढून लांब जाऊन धुवा, प्यायचं गाळून उकळा.

एवढं करूनही थंडी वाजलीच तर बहुतेक वेळा ती खालून येते. कातळ अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून पांघरुणं वाढवण्याआधी मॅटखाली ताडपत्री, रिकामी सॅक, जे असेल ते टाका. चढताना घामेजलेला टीशर्ट पोचल्या पोचल्या बदला, आणि स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी घ्या, मस्त झोप लागते.

सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, विंचू असतात. सापबिप चावलाच तर कापाकापी, चोखाचोखी काही करायची नाही, माणसाला चालवायचं नाही, 108 ला फोन लावायचा. आणि रेंज गडावर नेमकी कुठे येते ते आदल्या संध्याकाळीच बघून ठेवलेलं बरं.