आउल क्रीक पुलावरची फाशी बरोबर की चूक, कसं ठरवायचं

अँब्रोज बिअर्सची ही १८९० ची गोष्ट अमेरिकन सिव्हिल वॉरमधली आहे, आणि शेवट माहीत नसेल तर आधी ती वाचून या, कारण पुढे स्पॉयलर आहेत.

पहिल्यांदा वाचताना आपण फारकरच्या, म्हणजे पुलावर फाशी दिल्या जाणाऱ्या माणसाच्या, बाजूने वाहून जातो, म्हणून दुसऱ्यांदा वाचताना तिसरा भाग, म्हणजे ती पळून जायची सगळी कल्पना, सरळ बाजूला ठेवा आणि फक्त पहिले दोन भाग बघा. त्यात काय आहे? रेल्वेला हात लावणाऱ्या सिव्हिलियनला लगेच फाशी, असा हुकूम आधीच लावलेला होता आणि फारकरला तो ठाऊक होता. शिवाय १८६३ च्या लीबर कोडप्रमाणे, म्हणजे युनियनच्या (उत्तरेच्या) सैन्याच्या युद्धनियमांप्रमाणे, सैन्याच्या हद्दीत घुसून पूल नष्ट करायला येणाऱ्या हत्यारबंद माणसाला युद्धकैद्याचे हक्कच मिळत नाहीत. म्हणजे कागदावर तरी फारकरची बाजू लंगडीच.

आता खरी गोची. त्याला पुलाकडे पाठवलं कोणी, तर वेष बदलून आलेल्या, फाशी देणाऱ्या युनियनच्याच हेराने, लाकडं सुकलीयत पटकन पेटतील असं सांगून! आधी चिथवायचं मग लटकवायचं, याला न्याय म्हणायचं का? माझं मत नाही, पण फारकर गुलाम बाळगणारा जमीनदार होता हे विसरून त्याला बिचारा ठरवू नका. बिअर्स स्वतः युनियनकडून लढलेला, तरी फाशी देणाऱ्यांना तो नुसते शिस्तीत उभे केलेले दाखवतो, ती वाक्यं सावकाश वाचा.