फ्लॉगर हातात घेताय? मग या चुका टाळा

फ्लॉगर म्हणजे एका मुठीला बऱ्याच पट्ट्या लावलेला चाबूक, दोघांच्या संमतीने चालणाऱ्या फटक्यांच्या खेळात (बीडीएसएममध्ये) वापरतात तो. नवीन लोकांचे प्रश्न ठरलेले असतात, कुठला फ्लॉगर घेऊ आणि लगेच पुढे, जोरात मारायची टेक्निक सांगा ना. जोराचं नंतर बघू. आधी टोकं कुठे पडतायत ते तुम्हाला कळतंय का? बहुतेकांना कळत नाही, आणि सगळी दुखापत तिथूनच सुरू होते.

पट्ट्यांची टोकं सगळ्यात वेगात असतात. तुम्ही फार जवळ उभे राहिलात की पट्टीचा मधला भाग पाठीवर पडतो आणि उरलेली टोकं वळसा घालून बरगडीवर नाहीतर कमरेच्या कडेला जाऊन बसतात, याला रॅप होणं म्हणतात. मारणाऱ्याला पत्ताच लागत नाही कारण त्याला समोर पाठ छान गुलाबी दिसत असते. एका मित्राच्या घरी आम्ही ओळखीचे लोक जमलो होतो, तिथे तिशीतलं एक जोडपं आलेलं, त्याच्या हातात नवा कोरा फ्लॉगर, पट्ट्याच जवळजवळ अडीच फुटाच्या. ती गप्प होती म्हणून त्याला वाटलं सगळं मस्त चाललंय. मी बाजूला बसले होते म्हणून मला तिच्या डाव्या बरगडीवर बारीक लाल रेघा दिसल्या, प्रत्येक रेघेच्या शेवटी गडद ठिपका, आणि एका ठिकाणी कातडी सोलवटलेली. मी थांबवलं. तिला विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं असंच दुखतं, सहन करायचं असतं." सेफवर्ड, म्हणजे उच्चारला की लगेच थांबायचं असा शब्द, ठरवलेलाच नव्हता. तो बिचारा रडकुंडीला आला, माणूस वाईट नव्हता, पण घाई होती, आणि या कामात घाईची किंमत समोरचा माणूस मोजतो.

माझी पद्धत सांगते. घरातला लोड खुर्चीला उभा बांधायचा, त्याला गडद रंगाची चादर गुंडाळायची आणि पट्ट्यांच्या टोकांना टाल्कम पावडर लावायची. मग हळू मारा, अगदी हळू, आणि पावडरचे डाग बघा. लोडाच्या कडेला डाग दिसला की अर्धं पाऊल मागे या. सगळे डाग पाठीच्या जागी तळहाताएवढ्या भागात यायला लागेपर्यंत माणसावर उचलायचा नाही. हे कंटाळवाणं आहे म्हणून लोक सोडून देतात आणि व्हिडिओ बघून पहिल्याच आठवड्यात दोन हातांत दोन फ्लॉगर फिरवायला जातात. एक हात सरळ चालत नाही आणि दोन कशाला हवेत मला खरंच कळत नाही.

खरेदीचं म्हणाल तर हातकडी, डोळ्यांची पट्टी आणि फ्लॉगर असा जो स्वस्तातला सेट ऑनलाइन मिळतो तो घेऊ नका. त्यातलं रेक्झिन पातळ आणि कडक असतं, कडा धारदार असतात, मूठ इतकी हलकी की फ्लॉगर कुठे जातोय ते हाताला समजतच नाही. पातळ, अरुंद पट्टी झोंबते, रुंद आणि जड पट्टी धपकन बसते आणि आत मुरते. सुरुवातीला मऊ सुएड (मखमलीसारखं चामडं) घ्या, पट्ट्या दीड फुटाच्या आसपास, कारण आखूड पट्टी आवरायला सोपी. विकत घेताना कडेवरून बोट फिरवा, मग स्वतःच्या मांडीवर मारून बघा. रबर आणि वेणी घातलेल्या पट्ट्या दिसायला भारी असतात, पण नवशिक्याने हात लावू नये.

मारायची जागा म्हणजे खांद्याखालचा पाठीचा मांसल भाग (मणका सोडून), नितंब आणि मांड्यांची मागची बाजू. मान, डोकं, मणका, माकडहाड, सांधे, पोट यांना हात नाही. बरगड्या संपतात तिथे मागे किडन्या असतात, तिथेही नाही. तिथे फटका बसला आणि नंतर लघवीतून रक्त आलं तर लाजत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा आणि खरं काय ते सांगा.

दारू पिऊन नाही, दोघांपैकी कोणीच.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का हे आधी विचारा. वॉर्म-अप न करता पहिलाच फटका जोरात मारणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. तोंड बांधलेलं असेल, बोलता येत नसेल तर हातात बॉल द्या, सोडला की थांबायचं. आणि समोरचा गप्प झाला म्हणजे मजेत आहे असं गृहीत धरू नका, मध्येमध्ये रंग विचारा, हिरवा (चालू द्या), पिवळा (हळू घ्या) की लाल (थांबा). संपल्यावर पाणी, चादर, थोडा वेळ जवळ बसणं, आणि दुसऱ्या दिवशी फोन, कारण उदासी कधीकधी एक दिवस उशिरा येते.

लेदर पूर्ण निर्जंतुक होत नाही. रक्त लागलेला फ्लॉगर दुसऱ्या कोणावर वापरायचा नाही, तो त्याच माणसाचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवलात तर बुरशी धरेल, त्यामुळे पुसून, सावलीत वाळवून, पट्ट्या खाली सोडून हुकला टांगा.