एक्सेलला ‘आवर आता’ म्हणताना

वेंगुर्ल्यात मामाच्या काजू कारखान्यात रोज रात्री 8 ला दिवसाची एक्सेल फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवणारा सी-शार्प प्रोग्राम मी लिहिला. फाइल उघडी असली की अडायचं, म्हणून एक्सेलला सरळ ‘किल’ मारायचो. एकदा सकाळी मामी ओरडली, “सात पोत्यांची नोंद खंय गेली रे?”

किल म्हणजे गळाच दाबणं; ‘सेव्ह करू का’ विचारायलाही सवड नाही. आता ‘क्लोजमेनविंडो’ ही आज्ञा वापरतो. खिडकीच्या फुलीवर क्लिक केल्यासारखाच निरोप जातो, एक्सेल रीतसर विचारतं. मग ‘वेटफॉरएक्झिट’ या आज्ञेने ते बंद व्हायची वाट बघतो, 30000 मिलिसेकंद, म्हणजे अर्धा मिनिट. तेवढ्यात नाही बंद झालं तर? फाइल राहू दे तिथेच. मामीपेक्षा ते परवडलं.

ट्रेमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळाजवळच्या चिन्हांत लपलेल्या, मुख्य खिडकीच नसलेल्या प्रोग्रामला मात्र हा निरोप पोचत नाही. ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही जमलं’, असं उत्तर परत येतं. वजनकाट्याचा प्रोग्राम तसलाच, तो अजून हातानेच बंद करतो.