घरबसल्या आयर्लंडचं पुरातत्त्व शिकायचंय? आधी एक टाउनलँड धरा

ऑनलाइन कोर्सला नाव घालायच्या आधी नकाशा उघडा, फी नंतर. मी उलटं केलं होतं, एका ठिकाणी आधी पैसे भरले आणि मग कळलं की लाइव्ह लेक्चर तिकडच्या संध्याकाळी सातला, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेबाराला, आणि रेकॉर्डिंग देणारच नाहीत. ऑफिस करून असं तीन महिने जागणं मला जमलं नाही. म्हणून सांगते, कॉर्क, डब्लिन, गॉलवे इथल्या विद्यापीठांचे प्रौढांसाठीचे वेगळे विभाग आहेत, पण दरवर्षी कोर्सेस बदलतात, तेव्हा सरळ मेल करून विचारा की रेकॉर्डिंग मिळतं का, फील्ड ट्रिप कंपल्सरी आहे का, युरोपबाहेरच्या माणसाला फी किती, आणि लिहून दिलेला अभ्यास कोणी तपासतं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नुसती लेक्चर्स ऐकून काही राहत नाही, कोणीतरी आपल्या वाक्याखाली रेघ मारून "हे कशावरून?" विचारलं की मगच डोक्यात बसतं.

वेळेचं गणित पण लक्षात ठेवा, उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चअखेरपर्यंत साडेपाच तासांचा.

आता नकाशा. आयर्लंडमध्ये जमिनीचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे टाउनलँड, नावात टाउन असलं तरी शहराशी काही संबंध नाही, बऱ्याचदा चार-पाच शेतकऱ्यांची जमीन एवढाच. असे साठ हजारांच्या वर आहेत. त्यातला एकच निवडा आणि पूर्ण कोर्सभर तोच धरून ठेवा, माझा सगळा सल्ला खरं तर एवढाच आहे. नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिस या तिकडच्या सरकारी खात्याचा हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट व्ह्युअर हा ऑनलाइन नकाशा फुकट आहे, तो उघडला की देशभर लाल ठिपके दिसतात, प्रत्येक ठिपका म्हणजे नोंद झालेली एक जागा. ठिपक्यावर क्लिक केलं की नंबर येतो, त्यातली पहिली अक्षरं काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखी), म्हणजे मीथ काउंटीला एमई, मग जुन्या सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशाच्या शीटचा नंबर आणि मग त्या शीटवरचा त्या जागेचा नंबर. हा नंबर वहीत लिहून ठेवा, पुढे रिपोर्ट शोधताना तोच कामाला येतो.

मग तीच जागा सहा इंची नकाशावर बघा. हे नकाशे १८३० च्या आसपास सुरू झालेल्या सर्व्हेचे, म्हणजे १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळाच्या आधीचे. शेतांच्या मध्ये कडेने बारीक रेघा मारलेलं एक छोटं वर्तुळ दिसेल, कधी शेजारी फोर्ट असं लिहिलेलं. तो रिंगफोर्ट, म्हणजे गोल मातीचा बांध आणि खंदक घालून केलेली शेतकऱ्याची राहती जागा, बहुतेक सगळे सहाव्या ते दहाव्या शतकातले, आणि देशभर चाळीस हजारांच्या वर. आता आजचा सॅटेलाइट फोटो लावा. कधी वर्तुळ तसंच झाडांनी भरलेलं, कधी काहीच नाही, फक्त शेताचा बांध एका जागी उगाच वळसा घेऊन गेलेला. तो वळसा दिसला ना की मी खुर्चीत सरळ होऊन बसते. बांध घालणाऱ्याने जे टाळलं ते नंतर नांगराखाली गेलं, पण टाळल्याची खूण राहिली.

पुढची पायरी टाउनलँडच्या नावाची. लॉगेनम नावाचा सरकारी डेटाबेस आहे, त्यात नावाचं आयरिश रूप आणि जुन्या कागदांतले उल्लेख मिळतात. रा, लिस किंवा दून ने नाव सुरू झालं तर तिथे किंवा जवळपास असा कोट असायची शक्यता. पण किल बघून लगेच चर्च लिहू नका, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये चर्चचं किल आणि जंगलाचं कोल ही दोन्ही एकसारखीच झालीत, मूळ रूप बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि लोककथा सोडू नका. १९३७ ते १९३९ मध्ये तिकडच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या, त्या सगळ्या दूखस नावाच्या साइटवर वाचता येतात. रिंगफोर्टमधलं झाड तोडलं आणि गाय मेली अशा गोष्टी सापडतील. आपल्याकडे देवराईत कुऱ्हाड लावत नाहीत तशीच ती भीती, आणि त्या भीतीमुळेच इतके कोट आजपर्यंत टिकले असं मला मनापासून वाटतं.

खोदकामाचे रिपोर्ट वाचायला घाबरू नका. एक्स्कव्हेशन्स डॉट आयई वर १९७० पासूनच्या खोदकामांचे छोटे सारांश आहेत, काउंटी टाका आणि वाचत सुटा. फुलख्त फिआ हा शब्द इतक्या वेळा येईल की आधीच समजून घेतलेला बरा. जळक्या फुटक्या दगडांचा घोड्याच्या नालेसारखा ढीग आणि शेजारी पाण्याचा हौद, बहुतेक ब्राँझ युगातले. दगड तापवून हौदात टाकायचे की पाणी उकळतं. १९५० च्या दशकात प्रोफेसर एम. जे. ओकेली यांनी कॉर्कमध्ये हे करून बघितलं, ४५४ लिटर पाणी साधारण अर्ध्या तासात उकळलं आणि साडेचार किलोची मटणाची तंगडी ३ तास ४० मिनिटांत शिजली. म्हणजे तिथे मटणच शिजवायचे असं सिद्ध होत नाही, शिजू शकतं एवढंच होतं, अंघोळ, कातडी कमावणं असेही अंदाज आहेत. हा फरक असाइनमेंटमध्ये नीट लिहिलात तर तपासणारा खूश होतो.

तारखांचं एक सांगून ठेवते. जुन्या पुस्तकांतल्या रेडिओकार्बनच्या (कोळसा, हाडं यांतल्या कार्बनवरून काढलेल्या) तारखा बऱ्याचदा कॅलिब्रेट न केलेल्या, म्हणजे खऱ्या वर्षांशी जुळवून न घेतलेल्या असतात, त्या नव्या तारखांशेजारी तशाच ठेवल्या तर शेकडो वर्षांची चूक होते. आणि नोट्स कोणत्या वर्षीच्या आहेत तेही बघा. क्लेअर काउंटीतल्या एका गुहेतून १९०३ मध्ये निघालेलं अस्वलाच्या गुडघ्याचं हाड म्युझियमच्या खोक्यात पडून होतं, मॅरियन डाउड आणि रूथ कार्डन या संशोधकांनी ते पुन्हा तपासलं, आणि त्यावरच्या हत्याराच्या खुणा साडेबारा हजार वर्षांपूर्वीच्या निघाल्या. २०१६ मध्ये हे जाहीर झालं आणि बेटावरच्या माणसाचा पुरावा एकदम अडीच हजार वर्षं मागे गेला. २०१५ ची नोट घोकली असेल तर तो धडा चुकीचा.

न्यूग्रेंज मुद्दाम शेवटी ठेवा. सगळे तिथूनच सुरू करतात आणि मग बाकीचं फिकं वाटायला लागतं. इसवी सन पूर्व ३२०० च्या आसपासचं दगडी थडगं, आत साधारण १९ मीटरचा बोळ. दारावर एक छोटी खिडकी आहे, २१ डिसेंबर १९६७ च्या सकाळी ओकेली आत उभे होते आणि त्या खिडकीतून सूर्याची तिरीप थेट आतल्या खोलीपर्यंत आलेली त्यांनी बघितली. बाहेरची पांढरी गारगोटीची भिंत मात्र १९७० च्या दशकात पुन्हा उभी केलेली आहे आणि ती तशीच होती का यावर अजून वाद आहे, फोटो बघताना हे डोक्यात असू द्या.

हिवाळी अयनाच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या आसपास आतलं लाइव्ह प्रक्षेपण गेली काही वर्षं होतंय. तिकडे सूर्य ८:५८ ला वर येतो, म्हणजे आपल्याकडे दुपारचे २:२८, त्यामुळे जागायला नको, जेवण उरकून बसा. ढग असले तर काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी परत लावा. उजेड १७ मिनिटंच टिकतो. बोळाच्या जमिनीकडे बघत राहा, तिरीप आधी बारीक रेघ असते आणि मग रुंदावत आत सरकते.