पीटी (पर्सनल ट्रेनिंग) घेता? मग हिशोबही जमायला हवा

स्क्वॅट किती खोल जायचा, प्रोटीन किती ग्रॅम द्यायचं, हे मला ट्रेनरच्या सर्टिफिकेशन कोर्समध्ये शिकवलं. काकूंनी पहाटे पावणेसहाला 'आज नको रे, पाहुणे आलेत' असा मेसेज टाकला तर त्या सेशनचे पैसे धरायचे की नाही, हे कोणी शिकवलं नाही. पुण्यात पहिली दोन वर्षं मी प्रत्येक वेळी 'बरं काकू' म्हणत गेलो. बारा सेशनचं पॅकेज दीड-पावणेदोन महिने रेंगाळायचं आणि फी मात्र एकाच महिन्याची मिळायची. क्लायंट भरपूर, खिसा रिकामा. तेव्हा कळलं की आपण व्यायाम विकत नाही, वेळ विकतो. तो वेळ कसा सांभाळायचा, ते सांगतो.

आधी तासाचा खरा दर काढा

समजा, तुम्ही घरी जाऊन पीटी घेता आणि महिन्याच्या बारा सेशनचे 9,000 रुपये लावता. सेशनला 750, ऐकायला झकास. पण कोथरूडहून बाणेरला संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून जायला 40 मिनिटं आणि यायला 40. म्हणजे एका तासाच्या सेशनमागे दोन तास वीस मिनिटं गेली. पेट्रोलचे 40 रुपये वजा केले की तासाला जेमतेम 300 उरतात. जिममध्ये 7,000 चं पॅकेज आणि तुमचा वाटा 60 टक्के धरला, तर हातात 4,200 येतात. सेशनला 350. वरवर निम्मे वाटतात, पण तास एकच लागला आणि लगेच पुढचा क्लायंट उभा असतो.

हे आकडे उदाहरणापुरते. तुमच्या भागातले घालून कागदावर मांडा, तोंडी नको.

आता दुसरा कागद घ्या. नोकरदार माणसाला सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ एवढ्याच वेळा चालतात. म्हणजे विकायला दिवसाला सहा तास, हाच तुमचा माल. त्यात घरी जाऊन घ्यायच्या पीटी बसवायच्या असतील तर एकाच सोसायटीतले दोन क्लायंट पाठोपाठ लावा, नाहीतर प्रवासाचे पैसे वेगळे सांगा. दुपार मोकळी असते, ती निवृत्त मंडळी, मुलं शाळेत गेल्यावर मोकळ्या होणाऱ्या गृहिणी आणि नाइट शिफ्टवाले आयटीतले लोक यांच्यासाठी ठेवा. या वेळेचा दर थोडा कमी ठेवला तरी चालतो, कारण तो तास एरवी वायाच जाणार असतो.

पैसे घेण्याआधी नियम लिहून पाठवा

मी प्रत्येक नव्या क्लायंटला व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज पाठवतो: 'ताई, बारा सेशन पाच आठवड्यांत पूर्ण करायचे. रद्द करायचं असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत कळवा. नंतर कळवलंत तर सेशन झालं असं धरतो. मी रद्द केलं तर एक सेशन जादा देईन. फी पहिल्या सेशनआधी. आजारपण आलं तर पॅकेज दोन आठवडे थांबवता येईल. चालेल ना?'

शेवटचं 'चालेल ना' महत्त्वाचं. समोरून 'हो' आलं की पुढे भांडण होत नाही. मी चुकलो तर काय, ते याच मेसेजमध्ये असल्यामुळे नियम एकतर्फी वाटत नाहीत. आणि हो, पहिल्यांदा नियम मोडतील तेव्हा एक सेशन हसत माफ करा, पण 'या वेळी माफ' असं लिहून. न लिहिता माफ केलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

ट्रायलमध्ये घाम काढू नका

नवे ट्रेनर ट्रायलला माणसाला इतकं दमवतात की तिसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येत नाही. तो परत कशाला येईल? पहिली वीस मिनिटं बसून बोला. पार-क्यू ही तयार प्रश्नावली भरून घ्या. हृदयविकार, छातीत दुखणं, चक्कर, सांध्यांचे त्रास, चालू औषधं, सगळं त्यात येतं. कुठे 'हो' आलं तर आधी डॉक्टरांचा सल्ला आणायला सांगा. एखादा क्लायंट आठवडाभर लांबेल, पण बीपीच्या माणसाला न विचारता वजन उचलायला लावण्यापेक्षा ते बरं. मग विचारा, 'आधी कुठे व्यायाम सुरू केला होता? का सुटला?' या उत्तरात तुमचं अर्धं सेल्स असतं. गुडघा दुखला म्हणून सुटला असेल तर तुम्ही गुडघ्यावर बोलायचं, सिक्स पॅकवर नाही.

घासाघीस झाली तर

'दादा, जरा कमी करा ना' हे येणारच. दर कमी करू नका, सेशन कमी करा. 'बाराऐवजी आठ घ्या, दर तोच. उरलेले दिवस घरी करायचा व्यायाम लिहून देतो.' एकाला दर उतरवून दिलात की महिन्याभरात अख्ख्या जिमला कळतं. स्टीमरूम आणि लॉकररूममध्ये दुसरं बोलायला असतं तरी काय?

सप्लिमेंटच्या डब्यांवरच्या कमिशनचा मोह मात्र टाळा. एकदा क्लायंटला वाटलं की हा डबे खपवतोय, की तुमच्या डाएटच्या सल्ल्यावरही विश्वास उरत नाही.

वही, खातं, कर

धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. कोणाचं कितवं सेशन झालं, पैसे कधी आले, हे रोज रात्री पाच मिनिटांत लिहा. वही चालेल, एक्सेलही चालेल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी पोर्टलवर आधारवरून फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. आर्थिक वर्षात उलाढाल 20 लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी लागते. जिम तुमच्या वाट्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापत असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो का ते तपासा. पुढचं सीएला विचारा.

रिन्युअल नवव्या सेशनला काढा

बारावं सेशन संपल्यावर विचारलं तर क्लायंट 'कळवते' म्हणून जातो, तो जातोच. नवव्या सेशनला मापं घ्या, पहिल्या दिवसाची वही उघडून शेजारी ठेवा आणि पुढच्या महिन्याचं बोला. 'पहिल्या दिवशी दोन किलोचे डंबेल जड वाटत होते, आज सहाचे उचललेत' हे वाक्य वजनकाट्यापेक्षा जास्त चालतं.

गणपतीचे दहा दिवस, दिवाळी आणि मे महिना हे गळतीचे. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा लागल्या की आयांची गैरहजेरी वाढते. गर्दी जानेवारीत होते, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नघरची मंडळी येतात. म्हणून मी श्रावणातच सगळ्यांना विचारतो की गणपतीत किती दिवस सुट्टी हवी, आणि तेवढे दिवस पॅकेज पुढे ढकलतो. त्याच दिवसांत मीही गावी जातो. माझ्या जागी कोण ट्रेनर येईल, हे क्लायंटला आधीच सांगून ठेवलेलं असतं, आणि त्या ट्रेनरच्या सुट्टीत त्याच्या बॅचा मी घेतो.