बेडकाची अंडी घरी आणताय? या चुका टाळा

मृगाचा पाऊस झाला की कळंब्याकडच्या डबक्यांतून डराव-डराव सुरू होतं आणि शाळेच्या प्रकल्पासाठी कोल्हापुरातल्या घराघरांत अंड्यांच्या बरण्या येतात. बहुतेक पिल्लं बेडूक व्हायच्या आत मरतात, आणि ती वाचवता येतात.

आधी अंडी ओळखा. जेलीच्या लांब दोऱ्यांत काळ्या मण्यांसारखी ओवलेली दिसतात ती भेकाची, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाची. वाढवायला हीच सोपी, आणि बोटभर तुकडा पुष्कळ झाला. हौदाच्या भिंतीवर साबणासारखा फेस दिसला तर ते झाडबेडकाचं घरटं. ते धुऊन काढू नका, पाण्यात ढकलूही नका. अंडी फेसातच वाढतात, पिल्लं वेळ झाली की आपोआप खाली पाण्यात पडतात. इंडियन बुलफ्रॉग या मोठ्या बेडकाच्या अंड्यांना मात्र हातही लावू नका: तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, शिवाय त्याचे बेडूकमासे एकमेकांना खातात.

दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि जेलीला, काचेला चिकटून निपचित राहतात. मेली समजून बरणी हलवू नका. पोटातल्या बलकावर ती जगत असतात, तोंड अजून उघडलेलं नसतं. तोवर खायलाही घालू नका.

नळाचं पाणी थेट वापरू नका, क्लोरीन कल्ल्यांना जाळतं. पसरट भांड्यात 24 तास उघडं ठेवलेलं पाणी घ्या, किंवा पावसाचं. पाच लिटरच्या टबात दहा-बारा बेडूकमासे पुरेत. खाणं म्हणजे उकडलेल्या पालकाचा नखाएवढा तुकडा. पोळी, ब्रेड नको. उरलेलं कुजून अमोनिया होतो. तसा वास आलाच तर एक तृतीयांश पाणी बदला. सगळं एकदम बदललं की तापमानाचा धक्का बसतो.

सगळ्यात जास्त पिल्लं मरतात ती शेवटच्या आठवड्यात, तेही पाण्यात बुडून! मागचे पाय आधी फुटतात, ते आठवडाभर लोंबतात. मग एके सकाळी पुढचे पाय दिसतात. ते आत आधीच तयार असतात, फक्त कातडी फोडून बाहेर येतात. त्याच वेळी कल्ले जिरतात आणि फुफ्फुसं काम घेतात. टबात चढायला जागा नसेल तर पिल्लू दमून बुडतं. म्हणून पुढचे पाय दिसले की त्याच दिवशी पाणी दोन-तीन सेंटिमीटरवर आणा, पाण्यातून वर येणारा उतरता दगड ठेवा, वर जाळी बांधा. या दिवसांत ते खात नाही. तोंड नव्याने घडत असतं, आतडं आखडत असतं. शेपूट गळून पडत नाही, अंगात शोषली जाते आणि तेच त्याचं अन्न. पालक टाकून पाणी नासवू नका.

शेपूट संपली की भेकाचं पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर असतं. त्याला मुंग्यांएवढे जिवंत किडे लागतात, ते घरी पुरवणं जमत नाही. संध्याकाळी, जिथून अंडी आणली त्याच डबक्याकाठी ओल्या गवतात सोडा. दुसऱ्या तळ्यात नको, पाण्याबरोबर रोगही जातो.